पडद्यावरचे गाव आणि बेथलेहेम

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय १ ते ४; लूक २:१-७

डिसेंबर महिना जवळ आला की शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे दरवर्षी ठरलेले प्रश्न उभे राहतात. नाटिका कोणती बसवावी, मेंढपाळांसाठी घोंगड्या कोणाकडून मागून आणाव्यात, मरीयेचे काम कोणाच्या मुलीला द्यावे म्हणजे दुसरीची आई रुसणार नाही, इत्यादी. अलीकडे ह्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. वर्गात नाताळचा विषय काढला असता मोठ्या मुली गव्हाणीच्या आधी बर्फ, लाल स्वेटर आणि शहरातून गावी परतलेली नायिका ह्यांविषयी बोलू लागतात. कारण मोबाईलवर किंवा टी.व्ही.वर त्यांनी नाताळचे सिनेमे पाहिलेले असतात. हे सिनेमे म्हणजे ख्रिस्तजन्माची कथा नव्हे. चित्रपटगृहासाठी नव्हे, तर घरच्या पडद्यासाठी म्हणूनच तयार केलेल्या ह्या प्रेमकथा होत. त्या मुख्यतः अमेरिकेतल्या आहेत, आणि काहींना हिंदी आवाजही दिलेला असतो.

"मुलांना हे पाहू द्यावे की नाही?" असे पालक विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. माणसे हे सिनेमे इतक्या आवडीने का पाहतात, हे आधी समजून घेतले पाहिजे. ते न समजता आपण नुसती बंदी घातली, तर मुले आपल्यासमोर पाहणार नाहीत, एवढेच होईल.

प्रथम कथानक पाहू. दहापैकी नऊ सिनेमांत ते एकच असते, म्हणून एकदाच सांगितले तरी पुरे. एक तरुणी मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. कामापुढे तिला श्वास घ्यायला वेळ नाही. काही कारणाने नाताळच्या सुमारास तिला लहान गावी जावे लागते. बहुधा ते तिचे माहेरगाव असते. तेथे तिच्या आईवडिलांचे जुने दुकान, बेकरी किंवा प्रवाशांना उतरण्याचे घर बंद पडण्याच्या बेतात असते. तेथेच एक साधा, कष्टाळू, बहुतेक वेळा विधुर तरुण भेटतो. आधी खटके उडतात, मग दोघे मिळून झाड सजवितात, बिस्किटे भाजतात. शेवट जवळ आला की एक गैरसमज होतो आणि वाटते, आता संपले. पण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत तो दूर होतो, दुकान वाचते, बर्फ पडू लागते आणि दोघे एकत्र येतात. जाहिरातींसह दोन तासांत सर्व आटोपते. कथेचे तुकडेही जाहिराती कोठे येणार ह्या हिशेबानेच पाडलेले असतात. पुष्कळ सिनेमांचे चित्रण कॅनडात, तेही उन्हाळ्यात, सुमारे पंधरा दिवसांत उरकतात. पडद्यावरचे बर्फ फेसाचे किंवा कापसासारख्या पदार्थाचे असते आणि बिचारे नट भर उन्हात लोकरी कोट घालून घाम गाळीत असतात. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये कोणी असे करून दाखवावे!

ह्या सिनेमांचा उगम कोठे झाला, हे आपल्या वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल, कारण त्यात मंडळ्यांचाही हात आहे. अमेरिकेत १९८४ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी आपली एक धार्मिक दूरचित्रवाणी वाहिनी सुरू केली. १९८८ मध्ये निरनिराळ्या पंथांनी मिळून दुसरी काढली. पुढे दोघींनी एकाच वाहिनीवर कार्यक्रम दाखविण्यास आरंभ केला, आणि १९९६ मध्ये तिचे नाव ओडिसी झाले. पुढे तिच्यात व्यापारी भांडवल आले. त्यांत मुख्य होती ती शुभेच्छापत्रे विकणारी हॉलमार्क कंपनी. २००१ मध्ये त्या वाहिनीचेच नाव हॉलमार्क चॅनल असे झाले. २००९ पासून तिने नाताळच्या सिनेमांचा सलग हंगाम भरविण्यास सुरुवात केली. २०२१ आणि २०२२ साली तर एकेका हंगामात सुमारे चाळीस नवे सिनेमे दाखविले गेले. ज्या वाहिनीचा पाया उपदेश आणि उपासना दाखविण्यासाठी घातला गेला, तिच्यावरून आता प्रेमकथा येतात. ह्यावर कोणी हळहळेल. मात्र उपदेशाला जितके प्रेक्षक मिळाले नाहीत तितके ह्या कथांना का मिळाले, हा प्रश्न आम्हां उपदेश करणाऱ्यांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

त्या कंपनीची आरंभीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा तरुण १९१० मध्ये पोस्टकार्डे भरलेले दोन खोके घेऊन कॅन्सस सिटीस आला आणि त्याने हा धंदा उभा केला. २४ डिसेंबर १९५१ रोजी ह्याच कंपनीच्या आश्रयाने अमेरिकन टी.व्ही.वर एक संगीतिका सादर झाली. जान कार्लो मेनोत्ती यांनी ती टी.व्ही.साठी म्हणूनच रचली होती. तिची कथा अशी : एक गरीब विधवा आणि तिचा लंगडा मुलगा अमाल. बेथलेहेमच्या वाटेवरचे तीन राजे त्यांच्या झोपडीत रात्रीपुरता आसरा मागतात. घरात द्यायला काही नाही, तरी आसरा दिला जातो. रात्री मुलाच्या भुकेच्या विचाराने ती आई राजांच्या सोन्याला हात घालते आणि पकडली जाते. राजे तिला क्षमा करतात, सोने ठेवून घे म्हणतात. ती ते परत करते. आणि मुलगा जन्मलेल्या बाळासाठी आपली एकुलती एक कुबडी देऊ करतो. त्या पहिल्या नाताळात पडद्यावर उपास होता, चोरी होती, क्षमा होती. आजच्या सिनेमांत उपाशी कोणी नाही. अडचण आली तरी ती दुकानावर येते, पोटावर येत नाही. हा फरक शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

आता आकर्षणाकडे वळू. "प्रेमाच्या गोष्टी कोणाला आवडत नाहीत?" असे म्हणून पुष्कळ जण विषय संपवितात. पण नुसत्या प्रेमाच्या गोष्टी बाराही महिने मिळतात. शेवट काय होणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळते, तरी लोक पाहतात. नव्हे, कळते म्हणूनच पाहतात. २०१७ साली नेटफ्लिक्सवर "अ ख्रिसमस प्रिन्स" नावाचा असाच एक सिनेमा आला. डिसेंबरमध्ये त्या कंपनीने जाहीर केले की ५३ प्रेक्षकांनी तो सलग अठरा दिवस रोज पाहिला आहे, आणि तुम्हांला कोणी इतके दुखावले, अशा अर्थाचा चिमटाही त्यांना काढला. बराच हशा झाला; काहींनी, लोक घरात काय पाहतात ह्यावर अशी नजर ठेवणे बरे नव्हे, असा रागही व्यक्त केला. मला त्या ५३ जणांचे हसू येत नाही. अठरा संध्याकाळी तीच एक गोष्ट पुन्हा पाहणारे माणूस करमणूक शोधीत नसावे. ज्या घरात सर्व काही ठीक होते अशा एखाद्या घरात त्याला रोज घटकाभर बसावयाचे असावे.

आमच्या महिला मंडळातील एका वयस्क बाईंनी मला प्रार्थनासभेनंतर बाजूला बोलावून हळूच विचारले, "भाऊ, मी रात्री ते नाताळचे सिनेमे बघते. भाषा सगळी समजत नाही. पाप तर नाही ना?" मी विचारले, "मावशी, त्यांत आपल्याला काय आवडते?" त्या म्हणाल्या, "पोरगी घरी येते ना शेवटी." त्यांची स्वतःची मुलगी परदेशात परिचारिका आहे आणि नाताळात रजा मिळत नाही, हे मला ठाऊक होते. त्यांनी नायकाचे नावही काढले नाही.

मला वाटते, ह्या सिनेमांचे मर्म ह्या उत्तरात आले. प्रेमकथा हे वरचे वेष्टन आहे. आत जे आहे ते घरी परतण्याचे वचन. दूर गेलेल्याची जागा कोणी भरलेली नाही, त्याची खोली तशीच आहे, गावातले लोक त्याला नावाने ओळखतात, आणि जुना अबोला आज रात्रीपर्यंत मिटेल, असे ते वचन आहे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावयास नको. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर, दरबारात किंवा पुढे नोकरीनिमित्त इकडे आले. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली ती जागाच पुढे लष्कर नावाचे शहर झाली. छावणी म्हणजे उठून जाण्याची जागा. पण आपण राहिलो. आता आपली मुले पुण्याला, बंगळूरला आणि समुद्रापार जाऊन राहिली आहेत. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांची संख्या येथे मुळात मोजकी. नाताळचा फराळ अजून होतो, करंज्या आणि शंकरपाळे तळले जातात, मोरेन्याची गजक आणली जाते, दाराशी कागदी तारा लागतो. पण डबे भरून उरतात. धुक्यामुळे गाडी उशिरा येते, किंवा "ह्या वर्षी जमत नाही" असा फोन येतो. अशा घरात पडद्यावरची मुलगी दार उघडून आत येते, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, तर त्यात खोटे काय आहे?

तरुण मुलींचे आकर्षण थोडे निराळे आहे, आणि तेही हसण्यावारी नेऊ नये. आपल्यासारख्या विखुरलेल्या समाजात मुलीचे लग्न जमविणे सोपे नाही. स्थळ नागपूरहून किंवा जालन्याहून यावयाचे. ते आले की शिक्षण, नोकरी, पंथ, रंग ह्यांची चौकशी व्हावयाची. आणि मुलगी चहाचा ट्रे घेऊन पुन्हा एकदा अनोळखी लोकांपुढे बसावयाची. सिनेमातील मुलीला मात्र कोणी पाहावयास येत नाही. ती रस्त्यात घसरते, कोणी हात देतो, आणि तिने सांगितलेले तो लक्षपूर्वक ऐकतो. तिचे म्हणणे ऐकून घेणारा पुरुष! पुष्कळ मुलींना त्या बर्फापेक्षा ह्याचेच अप्रूप वाटत असेल, असा माझा तर्क आहे. हा तर्क खरा असेल तर त्यात मुलींना दोष देण्याआधी मुलांच्या आईबापांनी थोडा विचार करावा.

आता शास्त्राकडे येऊ. प्रिय शिक्षकबंधुभगिनींनो, ज्या गावाशी नाताळ जोडलेला आहे त्या बेथलेहेमात परतण्याच्या दोन कथा पवित्र शास्त्रात आहेत, आणि त्या ह्या सिनेमांशेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

पहिली रूथची. वरवर पाहता हिच्यात पडद्याचा सगळा मसाला आहे. लहान गाव, हंगामाचे दिवस, परकी तरुण विधवा, भला शेतकरी, शेतातील पहिली भेट. बवाज आपल्या गड्यांना तिच्यासाठी मुद्दाम कणसे गळू द्यावयास सांगतो, हा प्रसंग कोणत्याही दिग्दर्शकाला मोह पाडील. परंतु कथा सुरू कशी होते ते पाहा. गावी परतणारी स्त्री रूथ नसून नामी आहे. नवरा आणि दोन्ही मुलगे परदेशात पुरून ती म्हातारी परत येते. गावातील बायका तिला ओळखतात, पण तिला ते ओळखणे सोसत नाही; आपले जुने नावही तिला नको, कडूपणाचे नाव द्या असे ती म्हणते (रूथ १:१९-२१). घरी परतलेल्या माणसाचे तोंड असेही असू शकते. लांबून आलेला मुलगा किंवा सासरहून आलेली मुलगी पहिले दोन दिवस धड बोलत नाही, तेव्हा आपण नामीची आठवण ठेवावी.

दुसरे असे की येथे काही फुकट होत नाही. रूथ जवाच्या कापणीपासून गव्हाच्या कापणीपर्यंत उन्हात सरवा वेचते आणि संध्याकाळी सासूला खाऊ घालते. सिनेमा असता तर तिसऱ्या अध्यायात खळ्यावर संपला असता. रात्र आहे, दोघे आहेत, वचन दिले गेले आहे. शास्त्र मात्र आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर, दहा वडिलांपुढे नेऊन बसविते. तेथे जमिनीचा व्यवहार निघतो. अधिक जवळचा आप्त आहे, त्याचा हक्क आधीचा आहे. जमीन घ्यावयास तो तयार होतो. पण जमिनीबरोबर मृताच्या विधवेची जबाबदारी आहे असे कळताच स्वतःच्या वतनाला धक्का बसेल म्हणून मागे सरतो आणि जोडा काढून देतो. बवाज तीच किंमत भरतो. ह्या रूक्ष सौद्याला लहान मुले कंटाळतात, म्हणून आपण वर्गात चौथा अध्याय घाईने उरकतो. मला वाटते, तेथेच थांबावे. प्रेम वेशीवर येऊन चारचौघांत किंमत मोजते, हे त्या अध्यायात दिसते. आणि शेवटी बाळ नामीच्या उराशी दिले जाते. कथेचा शेवट जोडप्यावर होत नाही, ज्या म्हातारीचे सर्व गेले होते तिच्या ओंजळीवर होतो. आमच्या त्या मावशींना ही कथा सांगितली तेव्हा त्यांनी शेवटचा भाग पुन्हा वाचून घेतला.

दुसरी कथा लूकाची. योसेफ नावनिशीसाठी दाविदाच्या गावी जातो, म्हणजे तोही आपल्या मूळगावी परतणाराच आहे. पडद्यावरच्या गावात नायिकेसाठी नेहमी जागा असते. कित्येकदा प्रवाशांना उतरण्याचे घरच तिच्या बापाचे असते! बेथलेहेमात जागा नव्हती. आपल्या मराठी शास्त्रात लूक २:७ मध्ये उतारशाळा असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्द कटालुमा हा असून, तोच लूक २२:११ मध्ये प्रभूने शिष्यांसह भोजन केले त्या पाहुण्यांच्या खोलीसाठी येतो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात पैसे घेऊन उतरवून घेणारे घर आहे, त्यासाठी लूकाने निराळाच शब्द वापरला आहे. म्हणून कित्येक अभ्यासकांचे मत असे की योसेफ एखाद्या नातलगाच्याच घरी गेला असावा. पाहुण्यांची खोली भरलेली होती, आणि गुरे बांधतात त्या भागात गव्हाणीजवळ त्यांची सोय झाली. हे मत घेतले तर आपल्या नाटिकेतील दारे लावणारा रागीट खाणावळवाला बाद होतो, ह्याचे मुलांना वाईट वाटेल. पण अर्थ अधिक जवळचा होतो. स्वतःच्या गावात, कदाचित स्वतःच्या माणसांत, दाटीवाटीने, गैरसोयीत, पहिला नाताळ झाला. तेथे सजावट नव्हती आणि आलेले पाहुणे रात्रपाळीचे मेंढपाळ होते.

मराठी माणसापाशी आणखी एक साधन आहे, आणि तेही टी.व्ही.शी संबंधित. रेव्ह. ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांची कहाणी "स्मृतिचित्रे" ह्या ग्रंथातून आपणां सर्वांना परिचित आहे. विजया मेहता यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तिच्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला आणि सुहास जोशी यांनी त्यात लक्ष्मीबाईंचे काम केले. ती नाताळची कथा नाही, परंतु ख्रिस्ती घरातील प्रीतीची मात्र आहे. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या मुलासह कित्येक वर्षे नातलगांकडे राहिल्या. पुढे नगरला त्या नवऱ्याच्या घरी आल्या त्यासुद्धा एकदम मनाने आल्या नाहीत; स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे सांभाळून. मग हळूहळू, आपल्याच विचाराने, त्यांनी ते सोडले, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा तो संसार काही गोडीगुलाबीचा नव्हता. टिळक तापट, आणि हातचे देऊन टाकणारे. बाईंची जीभही काही कमी नव्हती. तरी टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले "ख्रिस्तायन" बाईंनी पुरे केले. पडद्यावरच्या जोडप्याचा गैरसमज जाहिरातीच्या दोन खेपांत मिटतो. हा मिटावयास वर्षे लागली. ज्या मुलीने दहा नाताळपट पाहिले आहेत तिच्या हाती "स्मृतिचित्रे" दिल्यास ती रागावणार नाही. ते पुस्तक हसवितेही पुष्कळ, आणि अशा सिनेमांच्या चाहत्यांना हसावयास हवेच असते.

म्हणून मावशींच्या प्रश्नाला माझे उत्तर असे होते, की पाहण्यात पाप नाही. भूक खरी आहे. पडदा तिला जेवण दाखवितो, जेवू घालीत नाही, इतकेच. आपल्यापैकी काही जण, ह्या सिनेमांत ख्रिस्ताचे नाव नाही म्हणून रागावतात. अमेरिकेतही हा वाद आहे. हॉलमार्कच्या त्या वाहिनीचे माजी प्रमुख बिल अॅबट यांनी २०२१ मध्ये दुसरी वाहिनी उभी केली, आणि २०२२ मध्ये कँडेस कॅमेरॉन ब्युरे ही लोकप्रिय अभिनेत्री, श्रद्धेला अधिक स्थान मिळावे असे सांगून तिकडे गेली. मला त्या वादात फारसा रस वाटत नाही. नायिकेने शेवटच्या दृश्यात चर्चमध्ये मेणबत्ती लावली, म्हणून एकटी बसलेली बाई कमी एकटी होत नाही.

वर्गात हा पाठ घेताना शिक्षकांनी प्रथम मुलांनाच एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगावयास लावावी आणि मध्ये टोकू नये. ती फळ्यावर थोडक्यात लिहावी. मग रूथचा ग्रंथ पूर्ण वाचावा. चारच अध्याय आहेत, पाळीपाळीने वाचल्यास अर्ध्या तासात होतात. सिनेमा कोठे थांबला असता, हे मुलांना ओळखू द्यावे. त्यापुढे शास्त्रात काय येते आणि ते का येते, ह्यावर बोलावे. गोष्टीत म्हातारे कोण आहे, त्यांचे शेवटी काय होते, हाही प्रश्न फळ्यावरच्या कथेला आणि रूथच्या कथेला दोन्हीकडे विचारावा. मोठ्या मुलांकडून चांगली उत्तरे येतात.

वर्ग संपण्यापूर्वी आणखी एक काम. चोवीस तारखेच्या संध्याकाळी आपल्या मंडळीत कोणाच्या घरी कोणी येणार नाही, त्यांची नावे मुलांकडूनच लिहून घ्यावी. मुलांना हे मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. मग कोणी, किती वाजता, कोणाच्या घरी जावयाचे ते ठरवावे, आणि जाताना गाणी म्हणून लगेच निघून न येता तासभर बसावे. त्यांनी सिनेमा लावलेला असेल तर त्यांच्याबरोबर तोही पाहावा. ही यादी डिसेंबरच्या पहिल्या रविवारीच करावी; तिसऱ्या रविवारपर्यंत थांबल्यास नाटिकेच्या धांदलीत ती राहून जाते.